‘ह्यू अँड क्राय’: आरडाओरड्यामागचा विसरलेला कायदा

टोल वाढला, परीक्षेचा पेपर फुटला, झाडं तोडली, की दुसऱ्या दिवशीच्या इंग्रजी बातमीत एक शब्दसमूह हमखास सापडतो: ‘ह्यू अँड क्राय’. विरोधकांनी ‘ह्यू अँड क्राय’ केला, रहिवाशांनी केला, पालकांनी केला. अर्थ अंदाजानं कळतो. ओरड झाली, गदारोळ झाला, बोंबाबोंब झाली. ‘क्राय’ म्हणजे ओरडणं हेही माहीत असतं. अडतं ते ‘ह्यू’पाशी. शब्दकोश उघडला तर ‘ह्यू’ म्हणजे रंगछटा! आता ओरडण्याचा आणि रंगाचा काय संबंध? कित्येक जण तर हा शब्दसमूह ऐकून ‘ह्यूमन क्राय’ असं लिहून मोकळे होतात.

आज हा शब्द थोडा हिणवूनच वापरला जातो. ‘उगाच ह्यू अँड क्राय करू नका’ असं साहेब म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की आवाज फार, अर्थ कमी. सुमारे पाचशे वर्षं मात्र इंग्लंडमध्ये याच्या नेमकं उलटं होतं. गुन्हा दिसल्यावर ओरडणं हे कायद्यानं बंधनकारक होतं, ती ओरड ऐकून धावत सुटणंही बंधनकारक होतं, आणि न धावणाऱ्या गावाला दंड बसत असे.

हा ‘ह्यू’ रंगाचा नव्हे

इंग्रजीत ‘ह्यू’ हे दोन वेगळे शब्द आहेत. स्पेलिंग एक, उच्चार एक, कुळं मात्र वेगळी. रंगाचा ‘ह्यू’ जुन्या इंग्रजीतल्या ‘हिव’ या शब्दावरून आला; त्याचा अर्थ रूप, दिसणं. ओरडण्याचा ‘ह्यू’ आला फ्रेंचमधून. जुन्या फ्रेंचमध्ये ‘ह्युए’ म्हणजे हाळी देणं, आरोळी ठोकणं, आणि शिकारीत सावज उठवायला किंवा युद्धात जी आरोळी देत ती ‘हू’. बहुधा तो त्या आवाजाचीच नक्कल असावा. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. त्यानंतर तिथल्या दरबाराची आणि न्यायालयांची भाषा दीर्घकाळ फ्रेंच राहिली. तिच्यात ‘हू ए क्री’ हा कायद्याचा शब्दप्रयोग रूढ होता. लॅटिन कागदपत्रांत तोच ‘हुतेसियुम एत क्लामोर’ असा येतो. त्यातल्या ‘क्लामोर’वरून इंग्रजी ‘क्लॅमर’ आठवला असेल, तर बरोबर आठवला.

एकाच अर्थाचे दोन शब्द कशाला? काही जाणकारांचं म्हणणं असं, की ‘हू’ म्हणजे शब्दांवाचूनचा आवाज, म्हणजे नुसती आरोळी किंवा शिंग फुंकणं. आणि ‘क्री’ म्हणजे शब्दांत दिलेली हाक, ‘चोर, चोर, धावा’. हे पटण्याजोगं आहे, पण पक्कं नाही. कायद्याच्या भाषेला जोडशब्दांची हौस असतेच. आपणही नुसतं ओरडत नाही, आरडाओरडा करतो.

एकटा ‘ह्यू’ पुढे इंग्रजीतून जवळपास नाहीसा झाला. तो उरला इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर. तिथे पिल्चर्ड मासळीच्या हंगामात (आपल्या तारलीच्या जातकुळीतला मासा) एक माणूस कड्यावर उभा राहून समुद्रावर नजर ठेवी. माशांचा थवा आला की पाण्यावर गडद लालसर डाग सरकताना दिसतो. तो दिसताच हा माणूस पत्र्याच्या लांब कर्ण्यातून ‘हेवा! हेवा!’ अशी आरोळी देई, आणि दोन्ही हातांत झुडपांच्या जुड्या घेऊन खालच्या होड्यांना जाळं कुठल्या बाजूनं टाकायचं ते खुणांनी दाखवी. या माणसाला म्हणत ‘ह्यूअर’, म्हणजे हाळी देणारा. न्यूकी गावात त्याची पांढरी दगडी खोपी अजून उभी आहे.

ओरडणं कायद्यात कसं आलं

बाराव्या-तेराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये पोलीस नव्हते. ‘शेरीफ’ हा राजाचा जिल्हा अधिकारी होता, पण त्याच्या हाताखाली माणसं मोजकी आणि जिल्हा मोठा. चोर पकडायचा तर गावानंच पकडायचा, याला पर्याय नव्हता. ११९५ मध्ये राजाचा कारभारी ह्यूबर्ट वॉल्टर यानं फर्मान काढलं, की १५ वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषानं शांतता राखण्याची आणि हाकाटी (म्हणजेच हा ‘ह्यू अँड क्राय’) झाली की पाठलागाला निघण्याची शपथ घ्यावी.

खरा तपशील आला १२८५ मध्ये. राजा पहिला एडवर्ड यानं विंचेस्टर इथे केलेला कायदा ‘विंचेस्टरचा कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. तो वाचताना लक्षात येतं, की लिहिणाऱ्याला चोर कसा निसटतो हे पक्कं ठाऊक होतं.

चोर रात्री निसटतो. म्हणून तटबंदीच्या गावांचे दरवाजे सूर्यास्त ते सूर्योदय बंद. मेच्या सुमारास येणाऱ्या ख्रिस्ती सणापासून २९ सप्टेंबरपर्यंत रात्रभर पहारा: मोठ्या शहरात प्रत्येक दरवाजावर ६ माणसं, लहान शहरात एकूण १२ माणसं, खेड्यात वस्तीप्रमाणे ४ किंवा ६. रात्री अनोळखी माणूस दिसला तर सकाळपर्यंत अडकवून ठेवायचा. तो थांबला नाही, तर हाकाटी.

चोर झाडोऱ्यातून झडप घालतो. म्हणून बाजाराच्या गावांना जोडणाऱ्या हमरस्त्यांच्या दोन्ही बाजूंची २०० फुटांपर्यंतची झुडपं काढायची आणि खड्डे बुजवायचे. मोठी झाडं ठेवली तरी चालतील, कारण खोडाआड टोळी लपत नाही. जमीनदारानं झाडोरा काढला नाही आणि तिथे लूट झाली, तर जबाबदार तो.

आणि चोराकडे हत्यार असतं. म्हणून १५ ते ६० वयाच्या प्रत्येक पुरुषानं ऐपतीप्रमाणे शस्त्र बाळगायचं. वर्षाला १५ पौंडांची जमीन किंवा ४० मार्कांची चीजवस्तू असेल त्यानं चिलखत, लोखंडी शिरस्त्राण, तलवार, सुरी आणि घोडा. ऐपत कमी होत जाईल तसं हत्यारही साधं, शेवटी धनुष्यबाण. ही शस्त्रं वर्षातून दोनदा तपासली जात. आज काही जण हे कलम नागरिकांच्या शस्त्रहक्काची सनद म्हणून दाखवतात. त्यात हक्काचा शब्दही नाही. ती सक्ती होती, खर्च स्वतःचा होता, आणि हेतू हाकाटीमागे जाणाऱ्यानं रिकाम्या हातानं जाऊ नये एवढाच होता.

हाक एका गावाहून दुसऱ्या गावी कशी जाई

गुन्हा ज्याला पहिल्यांदा दिसला, मग ते दरोड्यात लुटलं जाणं असो की रस्त्याकडेला पडलेलं प्रेत, त्यानं तिथल्या तिथे ओरडायचं. शिंग असेल तर फुंकायचं. शेजारपाजाऱ्यांनी हातातलं काम टाकून यायचं. मग गावच्या ‘कॉन्स्टेबल’कडे जायचं. हा कॉन्स्टेबल गणवेशातला शिपाई नव्हे. गावातल्याच माणसावर वर्षभरासाठी आळीपाळीनं पडणारं ते बिनपगारी काम होतं. त्याला तीन-चार गोष्टी सांगायच्या: काय झालं, कोणी केलं, तो दिसायला कसा, कोणत्या दिशेनं गेला. नाव ठाऊक नसेल तर कपडे, घोड्याचा रंग, जे असेल ते.

कॉन्स्टेबलनं आधी आपलं गाव धुंडाळायचं. चोर मिळाला नाही तर माग ज्या दिशेला जातो त्या पुढच्या गावाच्या कॉन्स्टेबलला निरोप द्यायचा. त्यानं आपलं गाव उठवायचं, शोधायचं, पुढच्याला कळवायचं. पहिल्या गावची माणसं थकली तरी हाकाटी थकायची नाही, कारण ती दर मुक्कामाला ताजी माणसं घेत पुढे सरके. गावाहून गाव, जिल्ह्याहून जिल्हा, चोर हाती लागेपर्यंत नाहीतर समुद्र लागेपर्यंत, असं जुने कायदेपंडित लिहितात.

या पाठलागाला कायद्याचं बळही तसंच होतं. एरवी कोणाच्या घरात घुसायला न्यायाधीशाचं वॉरंट लागे. हाकाटीवर निघालेल्या कॉन्स्टेबलला वॉरंटची गरज नसे. चोर आत असेल तर तो दारही फोडू शके. इंग्रजीतला ‘फ्रेश परस्यूट’, म्हणजे माग ताजा असेतो पाठलाग, हा विचार या पद्धतीच्या गाभ्याशी होता. दम खायला थांबलात की तो अधिकारही विरत जाई.

दख्खनच्या वाचकाला यात काहीतरी ओळखीचं वाटेल. मराठी मुलखातही चोरीचा माग रामोशी, भिल्ल, महार अशा जागल्यांनी पाऊलखुणांवरून काढायचा, आणि तो शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या गळ्यात घालायचा, अशी रीत होती. माग आपल्या शिवेबाहेर काढून देता आला नाही, तर चोरीची भरपाई त्या गावानं किंवा जागल्यानं द्यायची. इंग्लंडची नक्कल कोणी केली नव्हती. पोलीस नसतील आणि गावाची हद्द ठरलेली असेल, तर शहाणी माणसं दोन्हीकडे त्याच उपायाला येतात.

आणि कोणी धावलंच नाही तर?

हाच या व्यवस्थेचा कणा. जिल्ह्याच्या पोटात ‘हंड्रेड’ नावाचा विभाग असे, अंदाजे आपला छोटा तालुका. त्याच्या हद्दीत रस्त्यावर लूट झाली आणि चोर मुदतीत सापडला नाही, तर लुटलेल्या माणसाचं नुकसान त्या हंड्रेडच्या रहिवाशांनी भरून द्यायचं. ही मुदत पुढे ४० दिवसांची राहिली. चोराशी त्यांचा काही संबंध नसला तरी भरपाई चुकत नसे. सोसायटीच्या टाकीचा नळ कोणी उघडा टाकला ते कळलं नाही, तर टँकरचा खर्च सगळ्यांच्या मेंटेनन्समध्ये चढतो. मग पुढच्या वेळी नळाचा आवाज आला की चौथ्या मजल्यावरचाही खाली डोकावतो. त्यातलाच हा हिशोब.

कागदावर चोख वाटणारी ही योजना अमलात मात्र अनेक ठिकाणी अडली, आणि कुठे अडली ते नंतरच्या दुरुस्त्यांतून वाचता येतं.

पहिली अडचण वसुलीची. भरपाई हंड्रेडवर, पण हंड्रेडची तिजोरी कुठे? अधिकारी येई आणि दोन-चार खात्यापित्या घरांतून वसूल करून जाई. १५८५ च्या कायद्यानं ही रक्कम सगळ्या रहिवाशांवर वाटून घेण्याची सोय केली. दुसरी अडचण शेजारच्या हंड्रेडची: लूट त्याच्या हद्दीत नाही, मग तो कशाला धावतो? त्याच कायद्यानं ठरवलं, की पाठलागात कुचराई करणाऱ्या शेजारी हंड्रेडनं निम्मी भरपाई द्यायची. तिसरी अडचण देखाव्याची. चार म्हातारे काठ्या टेकत शिवेपर्यंत जाऊन परत येत आणि म्हणत, झाली हाकाटी. म्हणून घोडेस्वार आणि पायदळ दोन्ही निघाल्याशिवाय ती हाकाटी धरली जाणार नाही, असंही १५८५ मध्येच लिहिलं गेलं.

चौथी अडचण लुटल्याचं सोंग आणणाऱ्यांची. पैशांची पिशवी स्वतःच दडवायची आणि हंड्रेडकडून वसूल करायची! यावर उपाय म्हणून लुटलेल्या माणसानं लगेच जवळच्या गावाला खबर द्यावी, मी चोरांना ओळखत नाही अशी शपथ न्यायाधीशापुढे घ्यावी आणि वर्षाच्या आत दावा लावावा, अशा अटी आल्या. १७३५ च्या कायद्यानं तर २० दिवसांच्या आत लंडनच्या सरकारी राजपत्रात लुटीची जाहिरात देणंही सक्तीचं केलं. खरं नुकसान झालेल्या गरीब माणसाला हे सगळं झेपणारं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

एक गंमत रविवारची. १६७७ च्या कायद्यानं ठरवलं, की देवाच्या वारी प्रवास करताना लुटले गेलात तर हंड्रेड भरपाई देणार नाही. तुम्ही त्या दिवशी चर्चमध्ये असायला हवं होतं. हाकाटी करून चोराला पकडायचं मात्र रविवारीही चुकत नसे.

प्रेतांची गोष्ट अधिक गंभीर. संशयास्पद मृत्यूत प्रेत ज्याला पहिल्यांदा दिसलं त्यानं हाकाटी केलीच पाहिजे, शिवाय चौकशीला हजर राहीन म्हणून दोन जामीन द्यायचे. हाकाटी झाली नाही तर गावाला दंड. परिणाम ओळखीचा आहे: प्रेत दिसलं तरी माणसं मान वळवून पुढे जात, आणि ते रातोरात शेजारच्या हद्दीत सरकवण्याचेही प्रकार होत. आपल्याकडे अपघातग्रस्ताला हात लावायला लोक कचरतात त्यामागे हेच, ‘आपण कशाला अडका’. त्यावर मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १३४-अ घालून मदत करणाऱ्याला संरक्षण द्यावं लागलं.

मग कोणीही उठून ओरडावं का?

नाही. विनाकारण हाकाटी करणं हा स्वतंत्र गुन्हा होता. मध्ययुगीन गावपंचायतींच्या दप्तरांत अमक्यानं अन्यायानं हाकाटी केली म्हणून दंड, अशा नोंदी पुन्हा पुन्हा येतात. दोन शेजाऱ्यांचं भांडण, एकानं दुसऱ्यावर हाकाटी केली, पंचांनी चौकशी करून ठरवलं की चूक ओरडणाऱ्याची, भर दंड. त्या नोंदींत बायकांची नावंही बरीच दिसतात. ज्या न्यायव्यवस्थेत त्यांना फारसा आवाज नव्हता, तिथे हाकाटी हा त्यांच्या हातातला एक हक्काचा मार्ग होता.

यात कायद्यानं केलेली विभागणी विचार करण्यासारखी आहे. अठराव्या शतकातला कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन सांगतो, की खोडसाळपणे हाकाटी उठवणाऱ्याला शांतताभंग करणारा म्हणून कडक शिक्षा व्हावी. पण त्या हाकाटीमागे धावलेल्यांवर दोष नाही, कारण धावणं त्यांना बंधनकारक होतं. म्हणजे खोटेपणाची सगळी जोखीम पहिल्या ओरडणाऱ्यावर.

नॉर्मंडीच्या कायद्यातली हाकाटीची एक बहीण आजही जिवंत आहे. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या जर्सी आणि गर्न्सी या ब्रिटिश राजमुकुटाखालच्या बेटांवर आपल्या जागेत कोणी बेकायदा काम करत असेल, तर तिथे गुडघा टेकून, साक्षीदारांपुढे, ‘हारो! हारो! हारो! माझ्या राजा, धाव, माझ्यावर अन्याय होतो आहे!’ असं फ्रेंचमध्ये ओरडता येतं. गर्न्सीत त्यापाठोपाठ ख्रिस्ती प्रार्थनाही म्हणावी लागते. हे झालं की समोरच्यानं काम थांबवलंच पाहिजे, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत. ओरडणाऱ्यानं मात्र २४ तासांत त्याची लेखी नोंद करायची, आणि कारण नसताना ओरडलात असं ठरलं तर दंड भरायचा. २०१८ मध्ये गर्न्सीत एका महिलेनं रस्त्याच्या कामाविरुद्ध ही हाक दिली होती. ‘हारो’ म्हणजे ‘हे रोलो’, नॉर्मंडीच्या पहिल्या शासकाला घातलेली साद, असं तिथले लोक हौसेनं सांगतात. भाषातज्ज्ञ ते मानत नाहीत. ती मदतीची जुनी आरोळी, एवढंच.

‘ती ओरडली का नाही?’

हाकाटीच्या कायद्यानं मागे ठेवलेली एक गोष्ट मात्र गमतीची नाही. गुन्हा झाला की ताबडतोब ओरडायचं हा नियम बलात्कारालाही लागू होता. बाराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी कायदाग्रंथात लिहिलं आहे, की पीडित स्त्रीनं लगेच जवळच्या गावात जावं आणि चारचौघा भरवशाच्या पुरुषांना झालेली इजा, रक्त आणि फाटलेले कपडे दाखवावेत. तसं केलं नाही तर तिची फिर्याद तिथेच लंगडी.

सतराव्या शतकात न्यायमूर्ती मॅथ्यू हेल यानं या नियमाचं रूपांतर पुराव्याच्या मोजपट्टीत केलं: जवळपास माणसं असून ती ओरडली नाही, किंवा तक्रार करायला उशीर केला, तर ती खोटं बोलत असल्याचा दाट संशय घ्यावा. ब्लॅकस्टोननं ते आपल्या ग्रंथात उचललं. ब्लॅकस्टोन वाचून शिकलेले वकील-न्यायाधीश भारतात आले, आणि त्यांच्या मागोमाग ही मोजपट्टीही.

तिचा परिणाम महाराष्ट्रानं जवळून पाहिला आहे. २६ मार्च १९७२ ला तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १९७६ मध्ये दोषी ठरवलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आणि ती मदतीसाठी ओरडत होती हे खरं वाटत नाही, हे त्या निकालाचे मोठे आधार होते. रात्रीची वेळ, ठाण्याचं दार आतून बंद, समोर पोलीसच. हाक मारायची कोणाला? हाकाटीचा कायदा झाला तेव्हा ओरडल्यावर सगळा गाव धावून येणं बंधनकारक होतं. ते बंधन जाऊन शतकं लोटली, आणि ओरडण्याची अपेक्षा तेवढी मागे राहिली, तीही एका बाजूवर.

१९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं तेच गृहीत धरायचं असं ठरलं. २०१३ च्या दुरुस्तीनं आणखी स्पष्ट केलं, की शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये हे स्पष्टीकरण कायम आहे. तरीही उलटतपासणीत ‘तुम्ही आरडाओरडा केला नाही, हे खरं का?’ हा प्रश्न अजून विचारला जातोच.

पोलीस आले, हाकाटी छापली गेली

अठराव्या शतकात लंडन इतकं फुगलं, की एका गल्लीतली हाक दुसऱ्या गल्लीत पोचेना. तेव्हा बो स्ट्रीटचा अंध न्यायाधीश जॉन फील्डिंग यानं वेगळा रस्ता काढला. फरारी गुन्हेगारांची आणि चोरीच्या मालाची वर्णनं छापून देशभरच्या दंडाधिकाऱ्यांकडे आणि तुरुंगांकडे पाठवायची. १७७२ मध्ये सुरू झालेल्या या पत्रकाच्या नावात पुढे काही दशकं ‘ह्यू अँड क्राय’ होतंच. ‘पोलीस गॅझेट’ हे त्याचंच नंतरचं रूप. भारतातल्या पोलीस दफ्तरांतही हा शब्द असाच येऊन बसला. बेपत्ता माणूस, फरारी आरोपी किंवा अनोळखी मृतदेह यांच्यासाठी वर्णन आणि फोटोसह जी नोटीस निघते तिला अनेक राज्यांत आजही ‘ह्यू अँड क्राय नोटीस’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ आज कुठे जिवंत असेल तर तो या रूक्ष कागदात.

विंचेस्टरचा कायदा १८२७ मध्ये रद्द झाला, आणि दोनच वर्षांनी, १८२९ मध्ये, लंडनचे पगारी गणवेशधारी पोलीस रस्त्यावर आले. हाकाटीवर निघण्याचं नागरिकांचं कर्तव्य एका वेगळ्या कायद्यात पुन्हा लिहिलं गेलं आणि कागदोपत्री १९६७ पर्यंत टिकलं. पण काम पोलिसांकडे गेल्यावर सामान्य माणसाकडे उरला तो नुसता आवाज. ‘कशाविरुद्ध तरी मोठी ओरड’ हा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून बाजूनं चालत आलाच होता; आता तोच एकटा राहिला.

सामूहिक भरपाईची कल्पना मात्र मेली नाही, आणि इंग्रजांनी ती इथे वेगळ्या कामाला लावली. १८६१ च्या पोलीस कायद्यात अशांत भागात जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करण्याची सोय होती. १८९७ मध्ये रँडच्या खुनानंतर पुण्यावर असे जादा पोलीस लादले गेले आणि त्यांचा भुर्दंड शहराला पडला. महाराष्ट्र पोलीस कायद्यात, म्हणजे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, दंगलीतल्या नुकसानीची भरपाई त्या भागातल्या लोकांकडून वसूल करण्याची तरतूद आजही कलम ५१ मध्ये आहे. हंड्रेडची सावली म्हणा हवं तर.

मग जमावानं चोर पकडला तर बिघडलं काय?

पकडला तर बिघडत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सांगतं, की आपल्यासमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला, किंवा फरारी म्हणून घोषित झालेल्याला, कोणताही नागरिक अटक करू शकतो. दखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा. पण ‘आपल्यासमोर’ या शब्दावर सगळा भार आहे. कोणीतरी सांगितलं, ग्रुपवर फोटो आला, चेहरा संशयास्पद वाटला, यातलं काही चालत नाही. आणि पकडलेल्या माणसाला विनाविलंब, जास्तीत जास्त ६ तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं किंवा जवळच्या ठाण्यात न्यावं लागतं. ही सहा तासांची मर्यादा नव्या संहितेत आली. जुन्या कायद्यात नुसतं ‘विनाविलंब’ होतं.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरली होती. बाजारात आलेल्या पाच भटक्या जमातीच्या माणसांना जमावानं ठेचून मारलं. जुन्या हाकाटीशी याची तुलना करणारे करतात, पण दोन्हींतला फरक तपशिलात आहे. जुन्या हाकाटीत पहिला ओरडणारा कोण ते सगळ्या गावाला माहीत असे, आणि खोटा ठरला तर त्याची मानगूट धरली जाई. फॉरवर्ड झालेल्या मेसेजला पहिला ओरडणाराच नसतो. आणि मागे धावणाऱ्यांना ब्लॅकस्टोनच्या काळी जे संरक्षण होतं ते आज नाही: पाच किंवा जास्त माणसांच्या बेकायदा जमावानं समान उद्देशानं गुन्हा केला, तर त्यातला प्रत्येक जण त्या गुन्ह्याला जबाबदार धरला जातो, काठी त्याच्या हातात असो वा नसो.

राज्यातल्या अनेक गावांत आता ‘ग्रामसुरक्षा यंत्रणा’ आहे. तिची रचना जुन्या हाकाटीच्या जवळ जाते. एक टोल-फ्री क्रमांक लावायचा, स्वतःचं नाव सांगून घटना बोलायची. तोच आवाज त्याच क्षणी गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर कॉल म्हणून वाजतो. दरोडा, आग, बिबट्या, पूर, काहीही. कॉल करणाऱ्याचा क्रमांक आणि आवाज नोंदलेला राहतो, त्यामुळे खोडसाळपणा कोणी केला ते लगेच सापडतं. बोलताना क्रम पाळला तर ऐकणाऱ्याला उपयोग होतो: मी कोण, कुठे, काय झालं, किती जण, कोणत्या वाहनानं, कोणत्या दिशेला गेले. नुसतं ‘चोर आले, चोर आले’ ऐकून शंभर माणसं बॅटऱ्या घेऊन शंभर दिशांना निघतात, आणि अंधारात एकमेकांनाच पकडतात. ११२ ला फोन त्याच्या आधी नाहीतर लगोलग करायचा, कारण सहा तासांचं घड्याळ माणूस हातात सापडल्या क्षणापासून चालू होतं.